पाण्यापलीकडे पाहणारा एम.आर.आय.

"डॉक्टर, एम.आर.आय. काढला, एवढे पैसे गेले आणि रिपोर्ट तर नॉर्मल आला. मग यांना दुखते कशाने?" हा प्रश्न दवाखान्यात वरचेवर ऐकू येतो. विचारणारा बहुधा रुग्णाचा मुलगा, नवरा नाहीतर सासू असते. रुग्ण बिचारा शेजारी मान खाली घालून बसलेला असतो. एवढ्या मोठ्या मशीनने 'काही नाही' असे सांगितले म्हणजे दुखणे खरे नसणारच, असा निकाल घरात आधीच लागलेला असतो. रुग्णावर ढोंगाचा किंवा आळशीपणाचा शिक्का बसतो तो असा.

म्हणूनच एम.आर.आय. नेमके काय पाहतो आणि काय पाहत नाही, हे सर्वांनी समजून घेण्यासारखे आहे. आपल्याकडे सगळीकडे होणारा एम.आर.आय. शरीरातील फक्त एकाच अणूची, म्हणजे हायड्रोजनची खबर घेतो. शरीरात सोडियम, फॉस्फरस असे इतरही अणू आहेत, आणि त्यांची चित्रे हायड्रोजनच्या जोडीने काढण्याचे प्रयत्न जगभर गेली अनेक वर्षे चालू आहेत. त्या प्रयत्नांची ही ओळख.

चित्र कशाचे निघते?

मोठ्या माणसाच्या वजनाचा साधारण साठ टक्के भाग पाण्याचा असतो. पाण्याच्या प्रत्येक रेणूत हायड्रोजनचे दोन अणू असतात. हायड्रोजनच्या अणूचे केंद्रक म्हणजे एकच प्रोटॉन. हा प्रोटॉन भोवऱ्यासारखा वागतो आणि एखाद्या इवल्याशा चुंबकाप्रमाणे काम करतो.

एम.आर.आय.चे यंत्र म्हणजे एक प्रचंड चुंबक. नेहमीच्या यंत्राची ताकद १.५ टेस्ला, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या तीस हजार पटींहून अधिक असते. रुग्ण त्यात आडवा झाला की शरीरातील या इवल्या चुंबकांपैकी थोडे जास्त चुंबक एका दिशेला झुकतात. कललेला भोवरा डुलावा तसे ते डुलत राहतात. त्यांच्या डुलण्याच्या गतीशी जुळणाऱ्या रेडिओ लहरी सोडल्या की ते जागचे ढळतात, आणि लहरी थांबल्या की पूर्ववत होताना स्वतः क्षीण रेडिओ संदेश परत पाठवतात. मेंदू, स्नायू, सूज आणि गाठ यांतील पाणी पूर्वस्थितीला येण्यास कमीजास्त वेळ घेते. त्या फरकावरून संगणक चित्र तयार करतो.

चरबीतही हायड्रोजन भरपूर असतो. म्हणजे आपण उजेडाकडे धरून पाहतो ती फिल्म हा शरीरातील पाण्याचा आणि चरबीचा नकाशा असतो. मणक्यातील सरकलेली गादी, मेंदूतील गाठ, गुडघ्यातील तुटलेला लिगामेंट हे सारे त्यात उत्तम दिसते, कारण तेथे पाण्याची मांडणी बदललेली असते. परंतु साखर कारखान्याचा फोटो काढला तर धुराडे, गोदाम, गाडीतळ सगळे स्पष्ट दिसेल. आत गाळप नीट चालू आहे की नाही, ते मात्र फोटोवरून सांगता येणार नाही. काही खास पद्धती वापरून रक्तप्रवाहासारख्या गोष्टी साध्या एम.आर.आय.मध्येही कळतात, हे खरे. तरीही त्याचे मुख्य बळ रचना दाखवण्यात आहे. पेशींचे रोजचे कामकाज त्याला थोडेच दिसते.

'न्यूक्लिअर' शब्दाची उगाच भीती

या तंत्राचे मूळ नाव 'न्यूक्लिअर मॅग्नेटिक रेझोनन्स'. मराठीत आपण त्याला अणुकेंद्रकीय चुंबकीय अनुनाद म्हणू. फेलिक्स ब्लॉक आणि एडवर्ड पर्सेल या अमेरिकेतील दोन शास्त्रज्ञांनी १९४६ मध्ये, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, घन व द्रव पदार्थांत हा परिणाम दाखवून दिला. त्यांना १९५२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे १९७३ मध्ये पॉल लॉटरबर यांनी या संदेशांवरून चित्र कसे काढावे ते दाखवले, आणि इंग्लंडच्या पीटर मॅन्सफिल्ड यांनी चित्रे झटपट काढण्याचा मार्ग घालून दिला. या दोघांना २००३ मध्ये नोबेल मिळाले.

रुग्णालयात यंत्रे येऊ लागली तेव्हा लोक 'न्यूक्लिअर' या शब्दालाच घाबरू लागले. म्हणून १९८० च्या दशकात तो शब्द गाळला गेला आणि 'एम.आर.आय.' हे नाव रूढ झाले. यात अणू फुटत नाही, किरणोत्सर्ग होत नाही आणि एक्स-रे किंवा सी.टी. स्कॅनमध्ये वापरतात ते क्षकिरणही नसतात. अणूचे केंद्रक जसेच्या तसे राहते. ते फक्त चुंबकात डुलते.

या इतिहासात मुंबईचाही एक धागा आहे. डॉ. एस. एस. धर्मट्टी हे भारतीय शास्त्रज्ञ ब्लॉक यांच्या स्टॅनफर्ड येथील प्रयोगशाळेत काम करत होते. मद्यार्काच्या रेणूत हायड्रोजन तीन वेगवेगळ्या ठिकाणी जोडलेला असतो आणि या तीन ठिकाणांहून तीन वेगवेगळे संदेश येतात, हे त्यांनी व त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९५१ मध्ये प्रसिद्ध केले. अणू कोणता आहे एवढेच नव्हे, तर तो कोणत्या पदार्थात बसला आहे हेही संदेशावरून ओळखता येते, असा त्याचा अर्थ. पुढे डॉ. धर्मट्टींनी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या विषयाचे संशोधन उभे केले. हा मुद्दा लक्षात ठेवावा. फॉस्फरसच्या वेळी तो उपयोगी पडणार आहे.

दर अणूचे स्टेशन वेगळे

रेडिओचे बटण फिरवले की मुंबई, पुणे, सांगली अशी वेगवेगळी केंद्रे लागतात. हवेत सगळीच केंद्रे एकाच वेळी असतात, पण रेडिओ ज्यावर लावाल तेच ऐकू येते. अणूंचेही तसेच आहे. १.५ टेस्लाच्या चुंबकात हायड्रोजन सुमारे ६४ मेगाहर्ट्झवर बोलतो, फ्लोरीन ६० वर, फॉस्फरस २६ वर, झेनॉन १८ च्या आसपास, सोडियम १७ वर आणि कार्बन-१३ हा १६ वर.

सगळेच अणू मात्र बोलके नसतात. शरीरातील बहुतेक सर्व कार्बन हा कार्बन-१२ असतो आणि बहुतेक सर्व ऑक्सिजन हा ऑक्सिजन-१६. त्यांची केंद्रके चुंबकासारखी वागत नाहीत, म्हणून ती मुकी. बोलणारा कार्बन-१३ हा निसर्गात शंभरात जेमतेम एक. रुग्णालयातले यंत्र हायड्रोजनच्या स्टेशनवर कायमचे लावून ठेवलेले असते. इतर स्टेशने ऐकायची तर त्याला वेगळी जोडणी लागते.

सोडियम: पेशी जिवंत आहे का?

रक्ताच्या रिपोर्टमध्ये सोडियम १३५ ते १४५ असे आकडे वाचकांनी पाहिले असतील. पेशीच्या बाहेर सोडियम एवढा असतो. पेशीच्या आत मात्र त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. हा फरक आपोआप राहत नाही. प्रत्येक पेशीच्या भिंतीवर सोडियम बाहेर फेकणारे सूक्ष्म पंप असतात आणि ते रात्रंदिवस ऊर्जा खर्च करून चालतात. गळक्या होडीतले पाणी सतत उपसत राहावे, तसे हे काम. उपसा थांबला की होडी बुडते.

मेंदूची रक्तवाहिनी अचानक बंद झाली, म्हणजेच अंगावरून वारे गेले, की त्या भागाची ऊर्जा संपते, पंप बंद पडतात आणि सोडियम पेशीत शिरू लागतो. तेथील सोडियम तासागणिक वाढत जातो असे संशोधनात दिसले आहे. त्यावरून पेशी अजून वाचण्याजोग्या आहेत का, आणि झटका येऊन किती वेळ झाला, हे सांगता येईल का, याचा अभ्यास चालू आहे.

हा प्रश्न महत्त्वाचा का? गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे झटका आल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. पण काही रुग्ण रात्री धडधाकट झोपतात आणि पहाटे उठतात ते एक हात लुळा पडलेला असतो. झटका अकराला आला की चारला, कसे ठरवणार? अशा रुग्णांत हायड्रोजनचीच दोन प्रकारची चित्रे ताडून पाहून, योग्य त्यांना हे इंजेक्शन देता येते, हे २०१८ मध्ये युरोपातील एका मोठ्या चाचणीत दिसून आले. सोडियमचे चित्र या कामाला आणखी जोड देईल अशी आशा आहे.

सोडियमच्या चित्रांनी मिठाबद्दलही नवे काही शिकवले. जादा मीठ मूत्रपिंडे लघवीवाटे बाहेर टाकतात, असे आम्ही शिकलो. जर्मनीतील संशोधकांनी सोडियमचा एम.आर.आय. करून २०१३ मध्ये दाखवले की वाढत्या वयात सोडियम कातडीत व स्नायूंत साठत जातो, आणि रक्तदाब न जुमानणाऱ्या रुग्णांत हा साठा जास्त आढळतो. लोणचे, पापड, फरसाण यांचा हिशेब रक्ताच्या रिपोर्टमध्ये दिसला नाही म्हणून तो शरीराने ठेवलाच नाही, असे समजू नये. दिवसाला सर्व पदार्थांतून मिळून ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे चहाच्या एका सपाट चमच्यापेक्षा कमी मीठ, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे.

फॉस्फरस: ऊर्जेची वही

शरीरातील ऊर्जेचे चलन म्हणजे ए.टी.पी. हा पदार्थ. त्याचा राखीव साठा फॉस्फोक्रिएटिन या रूपात स्नायूंत असतो. दोन्हींत फॉस्फरस आहे. मघाचे मद्यार्काचे उदाहरण येथे आठवावे. ए.टी.पी.तला फॉस्फरस आणि फॉस्फोक्रिएटिनमधला फॉस्फरस थोड्या वेगळ्या सुरात बोलतात. त्यामुळे सुई न टोचता, स्नायू काम करत असतानाच, चलन किती आणि राखीव किती हे मोजता येते. तेथील आम्लता किती वाढली, हेही कळते.

याचे एक सुरेख उदाहरण १९८१ चे आहे. मॅकआर्डल नावाचा एक दुर्मिळ आनुवंशिक आजार असतो. स्नायूत साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, फोडणारे विकर या रुग्णांत नसते. थोडेसे जिने चढले की स्नायू आखडतात आणि दुखतात. विश्रांतीत मात्र माणूस ठणठणीत दिसतो. अशा रुग्णांना लहानपणापासून 'आळशी' हे विशेषण ऐकावे लागते. ऑक्सफर्ड येथे जॉर्ज राडा यांच्या गटाने अशा एका संशयित रुग्णाच्या हाताच्या स्नायूंतला फॉस्फरस तपासला. निरोगी माणसाने हाताचा व्यायाम केला की लॅक्टिक आम्ल तयार होऊन स्नायूची आम्लता वाढते. या रुग्णात ती वाढलीच नाही, कारण साखर फुटतच नव्हती. दोष नेमका कोठे आहे, ते स्नायूचा तुकडा न काढता दिसले. येथे बिघाड रचनेत नव्हता, कामकाजात होता.

हृदयाच्या बाबतीतही असेच. हृदय फुगून कमजोर झालेल्या रुग्णांत ए.टी.पी.च्या तुलनेत राखीव साठा कमी असतो, आणि तो जितका कमी तितका जिवाला धोका जास्त, असे जर्मनीतील डॉक्टरांना १९९७ मध्ये आढळले.

कार्बन आणि झेनॉन: उसना आवाज

काही अणूंचा आवाज मुळात इतका क्षीण की तो ऐकूच येत नाही. त्यावर शास्त्रज्ञांनी एक युक्ती काढली. पदार्थ शरीराबाहेरच खास पद्धतीने तयार करून त्यातील केंद्रके मोठ्या प्रमाणात एका दिशेला वळवून घ्यायची. आवाज त्यामुळे दहा हजार पटींहूनही वाढतो. मात्र हा उसना जोर फार टिकत नाही. कार्बनच्या बाबतीत एक-दोन मिनिटांत तो ओसरू लागतो, म्हणून इंजेक्शन तयार होताच धावपळ करून चित्र काढावे लागते.

कर्करोगाच्या पेशी साखरेपासून लॅक्टेट जास्त बनवतात, हे ऑटो वारबर्ग यांनी १९२० च्या दशकात दाखवले होते. आता कार्बन-१३ असलेले पायरुव्हेट शिरेतून देऊन, त्याचे लॅक्टेटमध्ये रूपांतर कोठे आणि किती वेगाने होते, हे चित्रात पाहता येते. सॅन फ्रान्सिस्को येथे प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या रुग्णांवर झालेला असा पहिला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. उपचार लागू पडतो आहे का, हे गाठ लहान होण्याची वाट न पाहता कळावे, हा त्यामागचा उद्देश.

झेनॉन हा वायू रुग्ण श्वासातून आत घेतो. हवेत पाणी नसल्याने फुफ्फुसाचा साधा एम.आर.आय. बराचसा काळाच येतो. झेनॉन जेथे पोहोचतो तेथे चित्र उजळते आणि जेथे हवा शिरत नाही तो भाग काळा राहतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०२२ मध्ये १२ वर्षे व त्यावरील रुग्णांसाठी या तपासणीला मान्यता दिली.

सगळे एकत्र पाहण्यात फायदा काय?

एकटा सोडियम पाहिला तर चित्र धूसर येते. नेमकी जागा कळत नाही. एकटा हायड्रोजन पाहिला तर जागा कळते, पण पेशींचे हाल कळत नाहीत. दोन्ही एकाच बैठकीत पाहिले की चित्रे एकमेकांवर बरोबर बसतात. तलाठ्याचा नकाशा आणि सात-बारा शेजारी ठेवून वाचावेत, तसे. नकाशावरून शेत कोठे ते कळते, सात-बारावरून त्यात काय आहे ते.

वेगवेगळ्या वेळी तपासणी केली तर रुग्ण हलतो, श्वास बदलतो आणि चित्रे जुळत नाहीत. म्हणून एकाच कॉइलला दोन स्टेशने ऐकता यावीत अशी रचना केली जाते. न्यूयॉर्क विद्यापीठातील संशोधकांनी २०२० च्या सुमारास मेंदूतील हायड्रोजन आणि सोडियम यांची माहिती एकाच वेळी गोळा करून दाखवली आहे.

मग आपल्याकडे हे का होत नाही?

कारण आवाज फार क्षीण. शरीरात सोडियमच्या एका अणूमागे पाण्यातील हायड्रोजनचे सुमारे दोन हजार अणू असतात, शिवाय प्रत्येक सोडियमचा आवाजही मुळात लहान. हायड्रोजनचे चित्र एक मिलिमीटर किंवा त्याहून बारीक तपशील दाखवते. सोडियमच्या चित्रात एकेक ठिपका तीन-पाच मिलिमीटरचा असतो आणि तरीही वेळ बराच लागतो. अधिक ताकदीचे चुंबक, वेगळ्या कॉइल, वेगळी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आणि ती जाणणारे तज्ज्ञ, हा सारा खर्च संशोधन केंद्रांनाच झेपतो. झेनॉनसारखा अपवाद सोडला तर या तपासण्या अजून मुख्यतः संशोधनाच्या पातळीवर आहेत. त्यांच्या आशेवर आजचा उपचार लांबवू नये, आणि 'परदेशी तपासणी' म्हणून कोणी मोठी रक्कम मागितली तर आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये.

रुग्णांनी व नातेवाइकांनी लक्षात ठेवावे

१. एम.आर.आय. नॉर्मल याचा अर्थ 'त्या भागाच्या रचनेत ठळक दोष दिसला नाही' एवढाच. दुखणे खोटे, असा नाही. जीवनसत्त्व ब-१२ ची उणीव, थायरॉइडचा विकार, मधुमेहाने नसांवर झालेला परिणाम, मनाची उदासीनता ही कारणे साध्या तपासण्यांतून आणि रुग्णाशी नीट बोलण्यातून सापडू शकतात. रिपोर्ट घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे जावे. रुग्णाला दोष देऊ नये.

२. उलटही खरे आहे. चाळिशीनंतर मणक्याच्या चित्रात झीज बहुतेकांना दिसतेच. रिपोर्टमधील प्रत्येक ओळ म्हणजे आजार नव्हे. स्वतः होऊन एम.आर.आय. काढण्यापेक्षा आधी तपासून घ्यावे.

३. तोंड वाकडे झाले, हात-पाय लुळा पडला, बोलणे अडखळले, तर प्रथम घड्याळ पाहावे. रुग्ण शेवटचा व्यवस्थित कधी दिसला होता, ती वेळ कागदावर लिहावी आणि सी.टी. स्कॅनची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयाकडे तडक निघावे. मालिश, काढा, झाडपाला यांत तास घालवू नयेत. सोडियमचे घड्याळ अजून आपल्या हाती नाही, भिंतीवरचे आहे.

४. एम.आर.आय.चे चुंबक बटण बंद केल्यावरही चालूच असते. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतील एका रुग्णालयात ऑक्सिजनचे सिलिंडर घेऊन खोलीत गेलेल्या एका नातेवाइकाचा मृत्यू झाला होता. लोखंडी वस्तू, किल्ल्या, मोबाइल, हेअरपिना बाहेर ठेवाव्यात. मंगळसूत्र आणि जोडवी काढायला पुष्कळ भगिनी कचरतात; ती थोडा वेळ घरच्यांच्या हाती द्यावीत, यात अशुभ काही नाही. पेसमेकर, मेंदूतील क्लिप, कानातील यंत्र किंवा शरीरात राहिलेला धातूचा कण असेल तर आधी सांगावे. गरोदरपण किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर तेही सांगावे.

५. जुन्या फिल्म व रिपोर्ट टाकू नयेत. मागचे चित्र शेजारी ठेवल्याशिवाय नव्यात काय बदलले ते कळत नाही. फिल्मची घडी घालू नये, उन्हात ठेवू नये, आणि डॉक्टरांकडे येताना रिपोर्टचा कागद तेवढा न आणता फिल्मही बरोबर आणावी.